चिठ्ठीवरच्या आणखी चार ओळी

महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. तो अहवाल छापून तुमच्या हाती दिला आहे, म्हणून वाचून दाखवत नाही. माझा वेळ मी एकाच विषयाला देणार आहे. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असलेल्या आणि मूल हवे असलेल्या स्त्रीला आपण ज्या गोळ्या लिहून देतो, त्या तिला कितपत कळतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांच्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. म्हणजे ज्या आपल्यापर्यंत येतात, त्या मुळातच थोड्या. आणि त्या येतात तेव्हा हातात फाईल असते, फाईलबरोबर प्लास्टिकची पिशवी असते. ती पिशवी टेबलावर उलटी केलीत का कधी? मी साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते आणि गेली काही वर्षे हा नेम पाळते: आधी पिशवी, मग सोनोग्राफी.

एका मुलीच्या पिशवीत काय होते ते सांगते. मेटफॉर्मिनची अर्धवट संपलेली पट्टी. फॉलिक अ‍ॅसिड. इनोसिटॉलची महागडी पाकिटे. चेहऱ्यावरच्या केसांसाठी कुणीतरी दिलेले स्पायरोनोलॅक्टोन. आणि एकवीस गोळ्यांचे एक पाकीट, त्यातल्या नऊ संपलेल्या. मी विचारले, "ही कशाची गं?" ती म्हणाली, "पाळी नियमित यायची, मॅडम. कॉलेजपासून घेते. पीसीओडीची." लग्नाला दीड वर्ष झाले होते, घरात सगळे वाट पाहत होते आणि ती गर्भनिरोधक गोळी घेत होती. रोज, न चुकता, नऊ वाजता, जेवल्यावर. गोळी पहिल्यांदा लिहिली गेली तेव्हा ती योग्यच होती. पाळी महिनोन्‌महिने न येणाऱ्या कॉलेजातल्या मुलीला आपणही तीच देतो. पण लग्न ठरले की ती थांबवायची की नाही, हे कोणाला तरी विचारायचे असते, हेच तिला कोणी सांगितले नव्हते. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तिला काय वाटले असेल, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी त्यांना एवढेच म्हटले, "मावशी, हिने काही चुकवलं नाही. उलट सांगितलं तसंच केलंय."

पीसीओएसची औषधे या बाबतीत फार अवघड आहेत. त्याच आजाराला, त्याच स्त्रीला, एका वयात जे औषध उपकारक तेच दुसऱ्या वयात आड येते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुलीने ते किमान महिनाभर आधी थांबवल्याशिवाय दिवस जाता कामा नयेत, नाहीतर गर्भात गंभीर व्यंगे होऊ शकतात. स्पायरोनोलॅक्टोन मुलग्याच्या गर्भाला घातक ठरू शकते. वजनासाठी सध्या ज्याची सगळीकडे चर्चा आहे ते सेमाग्लुटाइड, तेही गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करायचे असते. ही औषधे त्वचारोगतज्ज्ञ देतात, फिजिशियन देतात, आपणही देतो. पण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचणारी एक व्यक्ती लागते. मूल हवे म्हणून ती ज्या दारात येते, तिथेच ते वाचन व्हायला हवे. म्हणजे आपल्याकडे.

आता मेटफॉर्मिन. केमिस्ट पट्टी देताना सहज म्हणतो, "शुगर आहे का?" झाले. घरी चर्चा सुरू होते. मला शुगर नाही, मग शुगरची गोळी का? दोन मिनिटांत सांगण्यासारखी गोष्ट आहे: रक्तात इन्सुलिन जास्त राहिले की अंडाशयात पुरुषी संप्रेरके जास्त तयार होतात आणि वाढायला लागलेली अंडी मध्येच थबकतात, ही गोळी इन्सुलिनचा जोर कमी करते. शिवाय पहिल्या आठवड्यात मळमळ आणि जुलाब होऊ शकतात, हे आधी सांगितले नाही तर ती चौथ्या दिवशी गोळी बंद करते आणि आपल्याला सांगतही नाही. रात्रीच्या जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग आठवड्या-आठवड्याने वाढ. आणि दीर्घकाळ घेणार असेल तर बी-१२ तपासणे. आपल्याकडे शाकाहारी घरांतून ते आधीच कमी असते.

पण मेटफॉर्मिनकडून आपण फार अपेक्षा करतो, हेही मला या व्यासपीठावरून म्हणायचे आहे. २००७ साली अमेरिकेत ६२६ स्त्रियांवर झालेला अभ्यास तुम्हाला माहीत आहे. अंडे वाढवायची क्लोमिफीन ही गोळी घेतलेल्यांपैकी २२.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, दोन्ही औषधे एकत्र घेतलेल्यांपैकी २६.८ टक्के आणि नुसते मेटफॉर्मिन घेतलेल्यांपैकी फक्त ७.२ टक्के. अंडे सुटावे म्हणून नुसते मेटफॉर्मिन देऊन वर्षभर थांबवणे, तिचे वय तिशीच्या पुढे असताना तर अजिबातच, योग्य नाही. इनोसिटॉलच्या पाकिटांबद्दलही तेच. ती घेतल्याने मूल होण्याची शक्यता वाढते, असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा आज आपल्याजवळ नाही. ज्या घरात महिन्याचा किराणा मोजून आणतात, तिथे हे पाकीट लिहिण्याआधी हात थांबला पाहिजे.

अंडे वाढवायच्या दुसऱ्या गोळीवर, लेट्रोझोलवर, मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त भीती याच गोळीची आहे. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, २.५ किंवा ५ मिलिग्रॅम. गोळी घेऊन ती घरी जाते. नवरा मोबाईलवर नाव टाकतो आणि समोर येते: स्तनाच्या कर्करोगाचे औषध. खोटे काहीच नाही. १९९७ पासून ते त्यासाठी वापरात आहे. पण त्या रात्री त्या घरात काय होते, याची कल्पना करा. "कॅन्सरची गोळी देतात काय पोराबाळासाठी?" पुढच्या महिन्यात ती येते तेव्हा पट्टी जशीच्या तशी असते. तेवढा महिना गेला, आणि आपल्यावरचा विश्वासही गेला.

या भीतीला इतिहास आहे आणि तो आपण लपवू नये. २००५ साली माँट्रियलच्या एका परिषदेत लेट्रोझोलनंतर जन्मलेल्या बाळांत व्यंगे जास्त दिसतात, असा एक छोटा अहवाल मांडला गेला. पुढच्याच वर्षी ९११ नवजात बालकांची नोंद तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसे आढळले नाही. लेट्रोझोलच्या गटात व्यंगांचे प्रमाण २.४ टक्के होते, क्लोमिफीनच्या गटात ४.८ टक्के. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर बंदी घातली. ती २०१७ मध्ये उठली. मधल्या काळात, २०१४ साली, ७५० स्त्रियांवरचा अमेरिकन अभ्यास आला: लेट्रोझोलने २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफीनने १९.१ टक्के. २०१८ आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी लेट्रोझोललाच पहिली पसंती दिली. बंदीच्या वर्षांत आपल्या देशातल्या कितीतरी जणींना दुय्यम औषधावर थांबावे लागले, याची खंत मला आजही आहे. औषधावर शंका आली तर ती तपासलीच पाहिजे, पण तपासणीचे उत्तर आल्यावर तेवढ्याच तत्परतेने निर्णयही फिरवला पाहिजे.

तिला हे सगळे सांगायची गरज नाही. तिला एवढे हवे आहे: ही गोळी पाच दिवस शरीरातले इस्ट्रोजेन कमी करते, मग मेंदूकडून अंडाशयाला वाढीचा संदेश जातो आणि एखादे अंडे वाढू लागते, कर्करोगाच्या रुग्णाला ती वर्षानुवर्षे रोज घ्यावी लागते, तुला महिन्यात पाचच दिवस, आणि गर्भ रुजायची वेळ येईपर्यंत ती अंगातून जवळजवळ निघून गेलेली असते. एवढे ऐकल्यावर तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे.

त्या २७.५ टक्क्यांची दुसरी बाजूही तिला सांगायला हवी. त्या अभ्यासात जास्तीत जास्त पाच चक्रे उपचार झाले आणि तरीही दहातल्या सात जणींना त्या काळात मूल झाले नाही. सर्वांत चांगल्या गोळीचा हा हिशेब आहे. तिच्या कानावर मात्र येते, "जाऊबाईला पहिल्याच महिन्यात राहिलं." पाळी आली की ती संडासात जाऊन रडते आणि बाहेर येऊन पोळ्या लाटते. पहिल्याच दिवशी जर आपण म्हटले असते की पाच-सहा महिने धरून चालू, त्यानंतर पुढचा मार्ग ठरवू, तर दुसऱ्या महिन्यातली पाळी तिला स्वतःचे अपयश वाटली नसती.

आता घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल. वीर्यतपासणी झाल्याशिवाय अंडे वाढवायची गोळी सुरू करायची नाही, हे आपण सगळे शिकलो आहोत. तरी फाईल चाळताना तीन-तीन डॉक्टरांची सहा-सहा महिन्यांची चक्रे दिसतात आणि हा एक कागद सापडत नाही. कारण आपल्याला ठाऊक आहे. तो बाहेर मोटारसायकलपाशी उभा असतो आणि आत बोलवायचा संकोच आपल्यालाही वाटतो. तो संकोच आपण सोडायला हवा. त्याला आत बसवा, त्याचा रिपोर्ट फाईलला लावा, आणि आणखी एक प्रश्न विचारा, जो कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही: तुम्ही घरी कधी असता?

माझ्याकडच्या अर्ध्याअधिक मुलींचे नवरे चाकणला, भोसरीला, नाहीतर मुंबईला नोकरी करतात. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. सोनोग्राफीत अंडे अठरा-वीस मिलिमीटरचे झाले, ट्रिगरचे इंजेक्शन दिले, सगळे अगदी पुस्तकाबरहुकूम. आणि अंडे फुटणार बुधवारी. सुटलेले अंडे जेमतेम दिवसभर टिकते. शुक्राणू चार-पाच दिवस टिकू शकतात, म्हणून शनिवार-रविवार कधीकधी कामी येतोही, पण ते नशिबावर. त्या महिन्यात तो दोन दिवस रजा काढू शकेल का, हे आधी विचारले असते तर त्या पाच गोळ्यांचा आणि तिच्या चार फेऱ्यांचा उपयोग झाला असता. आमच्या भागात फौजेतली घरे पुष्कळ आहेत. जवान महिनाभर रजेवर येतो तेव्हा उपचाराची आखणी रजेच्या तारखेवरून करावी लागते, पाळीच्या तारखेवरून नाही. पाळी आणायची गोळी दोन आठवडे आधी द्यायची, ती देण्याआधी लघवीची गर्भचाचणी मात्र विसरायची नाही, आणि मग तो घरी पोहोचेल तेव्हा चक्राचा योग्य आठवडा यावा, असे गणित मांडायचे. याला वेळ लागतो. आपल्या तीन मिनिटांच्या ओपीडीत तो बसत नाही, हे खरे आहे. तरी तो काढावा लागेल.

शिकागोत स्टाईन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी हा विकार असलेल्या सात स्त्रियांच्या अंडाशयांचा मोठा भाग कापून काढला आणि १९३५ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. सातही जणींची पाळी परतली आणि दोघींना दिवस गेले. त्या काळात तोच उपाय होता. पोट उघडण्यापासून पाच दिवसांच्या गोळीपर्यंत आपण आलो. औषध सोपे झाले, पण ते समजावून सांगायचे काम मागेच राहिले आहे.

आणि ते काम मराठीत होऊ शकते. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, चालवले. शरीराबद्दल सरळ मराठीत लिहिल्यामुळे त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज आपल्यावर कोणी खटला भरणार नाही. तरीही आपण चिठ्ठीवर इंग्रजी संक्षेप लिहितो आणि उरलेले केमिस्टवर सोडून देतो.

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवते आहे. मूल हवे असलेल्या प्रत्येक पीसीओएस रुग्णाच्या चिठ्ठीवर औषधांखाली चार ओळी मराठीत असाव्यात: ही गोळी कशासाठी आहे, ती कोणत्या दिवशी सुरू करायची आणि कोणत्या दिवशी थांबवायची, काय त्रास होऊ शकतो आणि कोणत्या त्रासाला फोन करायचा, आणि किती महिने पाहून पुढचे ठरवायचे. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला सध्याच्या सगळ्या औषधांची यादी, त्यांतली कोणती बंद केली त्याची खूण आणि नवऱ्याच्या तपासणीची तारीख.

त्या कागदाचा मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. तो आमच्या दवाखान्यातल्या नर्सताईंनी आणि दोन रुग्णांनी वाचून दुरुस्त केलेला आहे. जिथे त्या अडल्या ते शब्द आम्ही बदलले. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, कोकणातल्या सदस्यांनी आपापल्या भागात बायका जे शब्द वापरतात ते त्यावर पेनाने लिहावेत. दुपारच्या जेवणाआधी प्रती सचिवांकडे द्या. तिसऱ्या सत्रानंतर ठराव मतदानाला ठेवू.