पोस्टडॉक शोधताना



आपल्यापैकी अनेकांची मुलं आता पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यावर आहेत. “युरोपात पोस्टडॉकला प्रवेश कसा मिळतो?” असं सकाळपासून मला तिघांनी विचारलं, म्हणून माझी पाच मिनिटं त्यासाठीच वापरतो.

आधी ‘प्रवेश’ हा शब्द सोडूया. पोस्टडॉकला फी नसते, प्रवेशपरीक्षा नसते, गुणवत्ता यादीही लागत नाही. ती ठरावीक मुदतीची नोकरी किंवा फेलोशिप असते. पैसे घेऊन जागा मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

जागा मिळण्याच्या वाटा दोन. पहिली, प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा निधी असतो आणि तो जाहिरात देतो. अशा जाहिराती युरोपियन कमिशनच्या ‘युरॅक्सेस’ या संकेतस्थळावर आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर येतात. दुसरी, निधी आपण मिळवायचा. त्यासाठी मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी फेलोशिप आहे, जर्मनीसाठी हुम्बोल्ट आहे. पण दोन्हींसाठी यजमान प्राध्यापक आपणच शोधायचा. क्यूरी फेलोशिपची एक अट ध्यानात ठेवा: ज्या देशात जायचं, तिथे अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. अर्जापासून निकालापर्यंत काही महिने जातात. त्यामुळे प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधी हालचाल हवी.

दोन्ही वाटांवर पत्राला फार महत्त्व आहे. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत असताना अशी पुष्कळ पत्रं मी पाहिली. “आपल्या नामवंत प्रयोगशाळेत संधी द्यावी” एवढंच लिहिलेलं पत्र कुणी शेवटपर्यंत वाचत नसे. उत्तर जाई ते दहा-बारा ओळींच्या नेमक्या पत्राला: तुमचा अमुक लेख वाचला, त्यात हा प्रश्न शिल्लक राहतो, मला हे तंत्र येतं, त्याने तो असा तपासता येईल. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष याच क्रमाने लिहा, असा बाईंचा आग्रह असायचा. ती शिस्त इथे उपयोगी पडते. शिफारस करणाऱ्या मार्गदर्शकांनाही आधी विचारून ठेवावं.

पत्राला उत्तर आलं नाही, तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि पुढच्या प्रयोगशाळेकडे वळावं. होकार आला, तर पगार कोणत्या निधीतून, करार किती महिन्यांचा, वाढण्याची शक्यता किती, हे लेखी विचारावं. असं विचारणं तिथे उद्धटपणा समजत नाहीत.

आता पालकांसाठी एक विनंती. पोस्टडॉकनंतर विद्यापीठात कायमची जागा मिळेलच असं नाही. माझ्याबरोबरचे उत्तम संशोधक कंपन्यांत गेले आणि तिथे रमले. “कायम कधी होणार?” हा प्रश्न दर रविवारच्या फोनवर नको. दूर देशात, प्रयोग फसलेल्या दिवशी, त्याचं ओझं फार होतं. “आज जेवलास का?” एवढं विचारलंत तरी पुरे.

कुणाच्या मुलामुलींना पत्राचा मसुदा दाखवायचा असेल, तर माझ्याकडे जरूर पाठवा. मी वाचेन.