कामठीची छावणी आणि आपले विसरलेले सैनिक



येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपल्यापैकी अनेक जण मलकापूर स्टेशनवरून नागपूरची गाडी धरतील आणि दीक्षाभूमीवर नतमस्तक होतील. तेथून पंधरा-सोळा किलोमीटरवर कामठी आहे. 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. याच गावचे, हे आपण जाणतो. पण कामठीची आणखी एक ओळख आहे. आज तेथील छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात मात्र तेथेच महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली. त्या सैनिकांची आठवण करण्यासाठी मी आज उभा आहे.

मित्रहो, हा मान आपल्या समाजाला सहज मिळालेला नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला आपल्या पूर्वजांनी पराक्रम केला. तरीही १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी आपली भरती बंद केली. गोपाळबुवा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. सुभेदार रामजी सकपाळांच्या या सुपुत्राला, परमपूज्य बाबासाहेबांना, या अन्यायाची पुरेपूर जाणीव होती. १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार मंडळावर गेले. त्यांनी स्वतंत्र रेजिमेंटचा आग्रह धरला आणि तरुणांना भरती होण्याचे आवाहन केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली.

पहिली बटालियन बेळगावची, दुसरी कामठीची. १९४२ मध्ये बेळगावलाच पंचविसावी आणि नौशेरा येथे तिसरी उभी राहिली. पहिली व तिसरी वायव्य सरहद्दीवर होती. कामठीची बटालियन ब्रह्मदेशाच्या मोहिमेत गेली आणि पुढे इराकमध्येही होती. पंचविसावीने देशातच बंदोबस्ताचे काम केले. १९४६ मध्ये ती मोडण्यात आली व तिचे जवान इतर बटालियनमध्ये सामावले गेले. त्याच वर्षी रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचे प्रशिक्षण केंद्र कामठीला आले. १९४७ च्या फाळणीत याच जवानांनी पंजाबमध्ये निर्वासितांचे रक्षण केले. पुढे हे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे गेले आणि कामठीची आठवण पुसट होत गेली.

मी बँकेत पेन्शनच्या काउंटरवर काही वर्षे काम केले. एकदा खेड्यावरून एक वृद्ध आजी आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी एक कागद काढला. "साहेब, माहे मालक लढाईत गेले होते. पेन्शन भेटन का?" कागदाचा अर्धा भाग वाळवीने खाल्ला होता. बटालियन गेली होती, नंबर गेला होता. युद्धापुरते भरती होऊन नंतर मोकळे झालेल्या जवानांची सेवा पेन्शनच्या १५ वर्षांच्या अटीत बसत नसे. त्यांची नावे आमच्या रजिस्टरात येणार तरी कशी? मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. कागदाची घडी करून त्यांनी परत गाठ बांधली. ती गाठ मला अजून दिसते.

कोणी विचारील, आपण बुद्धाचे अनुयायी, मग सैनिकांचा गौरव कशाला? वैशालीचा सिंह सेनापती तथागतांचा उपासक होता, हे ध्यानात घ्यावे. आपण युद्धाचा गौरव करीत नाही. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांच्यावर देशाच्या रक्षणाचा भार सोपवला गेला. त्या समतेच्या पावलाचा हा गौरव आहे.

आपली पलटण दोनदा गरजेपुरती उभारली गेली. दुसऱ्यांदा ती टिकली, कारण मागे बाबासाहेब होते. आता आठवण टिकविणे आपल्या हाती आहे. विद्यार्थी मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. आपल्या गावात, नात्यात कोणी महायुद्धात गेले असेल तर त्यांचे नाव, गाव, बटालियन, नंबर आणि भरतीचे वर्ष एका कागदावर लिहून आणा. घरातली पेटी उघडा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. आपल्या संस्थेने त्यासाठी एक वही ठेवावी. ज्यांना सरकारी रजिस्टरात जागा मिळाली नाही, त्यांना निदान आपल्या विहारातील वहीत जागा मिळेल. आणि यंदा दीक्षाभूमीवर गेलात, की कामठीलाही जाऊन या.



नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!