योजकाची घडण
(शताब्दी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



'डिझायनर' हा शब्द उच्चारला की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उंची वस्त्रे, लग्नातील मंडप, फार तर नव्या मोटारीचा आकार येतो. या शब्दाला मराठीत अजून स्वतःचे घर मिळालेले नाही. शासकीय परिभाषेने 'अभिकल्प' दिला, बांधकाम खात्याने 'संकल्पचित्र' दिले. दोन्ही शब्द कचेरीबाहेर फारसे पडले नाहीत. संस्कृत सुभाषितकाराने ज्याला 'योजक' म्हटले, तो शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. वस्तू, माणूस आणि प्रसंग यांची सांगड घालणारा तो योजक. अशी माणसे शिक्षणाने घडविता येतात काय, आणि ती समाजाच्या अडचणींकडे वळावीत म्हणून त्या शिक्षणात काय असावे, हा आजचा विषय आहे. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या उंबरठ्यावरच सापडते.

धारवाडपासून फार दूर नसलेल्या, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी 20 जून 1869 रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म झाला. शाळेत मन रमेना; ओढ चित्रांची आणि यंत्रांची. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही काळाने ध्यानात आले की त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाहीत. चित्रकाराचे स्वप्न तेथे संपले. परंतु रंग गेले तरी रेषा राहिली होती. ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तोच विषय शिकवू लागले. आपल्या परीक्षापद्धतीने ज्याला एका दारातून परत पाठविले असते, असा हा विद्यार्थी. त्याच्याकडे जे नव्हते ते मोजले गेले; जे होते ते त्याला स्वतःच शोधावे लागले.

1888 साली बेळगावात बंधूंसह सायकलींचे दुकान निघाले. मुंबईची नोकरी सोडल्यावर लक्ष्मणरावांनी तेथेच छोटा कारखाना उभा केला. सुरुवात कडबा कापण्याच्या यंत्राने झाली आणि मग आला लोखंडी नांगर. या नांगराची कथा अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगावी अशी आहे. नांगर तयार झाला, रेखाचित्राबरहुकूम झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. 'अंधश्रद्धा' म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेणे सोपे आहे, आणि अनेक चरित्रलेखांत ती तशीच नेली जाते. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने पाहावे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुपारपर्यंत उभा करून देई, आणि त्याचा मोबदला बलुत्याने फिटे. लोखंडी नांगर बिघडला तर दाद कोणाकडे मागायची? शिवाय प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर पडून राहणार होता. शेतकऱ्याचे मात्र वर्षाचे पीक जाणार होते. विषाची भीती ही बहुधा या दुसऱ्या भीतीनेच घेतलेले रूप असावे. लक्ष्मणरावांचे मोठेपण असे की त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून दुकान बंद केले नाही. ते टिकून राहिले आणि हळूहळू विश्वास मिळवला.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. राजा स्वतः चित्रकार होता, ही गोष्ट सहज लक्षात राहण्याजोगी आहे. 1910 साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे कारखान्याबरोबर गावाचीही रचना झाली आणि माळावर माणसे नांदू लागली. आजच्या भाषेत याला 'सामाजिक डिझाइन' म्हणतील. त्या काळी त्याला नाव नव्हते, काम होते.

स्वातंत्र्यानंतर हे काम शिक्षणसंस्थांच्या हाती देण्याचा विचार झाला. 1958 मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य देशभर हिंडले आणि त्यांनी एक छोटासा अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वाधिक गौरव केला तो कोणत्या राजवाड्याचा नव्हे, आपल्या घरातल्या लोट्याचा. तो भरल्यावर किती जड होतो, कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो की नाही, धातूची किंमत काय, असे प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले. लोटा कोणा एकाने रचलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो घडविला. नव्या योजकाला मात्र तेवढ्या पिढ्यांचा अवधी नाही, म्हणून त्याने प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी, असा त्या अहवालाचा रोख. 1961 मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि 1969 मध्ये पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. पवईच्या केंद्राच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा वाटा मोठा होता. जे. जे.त शिकून ते जर्मनीतील उल्म येथे गेले, आणि परदेशात बसून त्यांनी अभ्यासाला विषय निवडला तो मुंबईतील दूधवाटपाच्या केंद्राचा.

त्याच केंद्रात र. कृ. जोशी यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. ग्रंथालयाच्या सभासदांना त्यांचे काम विशेष जवळचे वाटावे. कपाटांतील जुन्या पुस्तकांची अक्षरे जावजी दादाजींच्या निर्णयसागराच्या परंपरेतली. संगणकाच्या पडद्यावर आलेला 'मंगल' हा देवनागरी टंक जोशींनी घडविलेला. जोडाक्षर नव्या यंत्रावर मोडले तर वाचणाऱ्याची भाषाच मोडते. तेव्हा हाही समाजाचाच प्रश्न, जरी तो पाण्याच्या किंवा रस्त्याच्या प्रश्नासारखा डोळ्यांत भरत नसला तरी.

1971 मध्ये व्हिक्टर पापानेक यांनी आपल्याच व्यवसायबंधूंवर कोरडे ओढले: मूठभरांच्या चैनीसाठी झटता आणि अपंग, वृद्ध, दरिद्री यांना विसरता, असा त्यांचा आरोप. रिकाम्या डब्यातून अत्यल्प खर्चात रेडिओ करण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. उल्मच्या पंडितांना तो कुरूप वाटला. पापानेक यांनी त्याला रंग मुद्दामच दिला नव्हता. इंडोनेशियातील लोकांनी आपापल्या आवडीने शिंपले आणि कापड लावून तो सजवावा, अशी त्यांची कल्पना. हा विचार मोलाचा. परंतु त्यांच्या आवेशात एक धोकाही आहे. गरिबांसाठी काय करावे हे दूरच्या शहाण्याने ठरवायचे, ही वृत्ती त्यातूनच बळावू शकते.

आणि जवळचा शहाणा तर धारवाड जिल्ह्यातच होता. अण्णिगेरीचे अब्दुल खादर नडकट्टिन हे शेतकरी; शिक्षण शालेय. पहाटे जाग येत नाही म्हणून तरुणपणी त्यांनी घड्याळाच्या किल्लीला दोरी बांधून पाण्याची बाटली तोंडावर उपडी होईल अशी युक्ती केली होती. पुढे चिंचेची लागवड केली आणि चिंचेतून चिंचोके काढण्याचे कष्ट पाहून त्यासाठी यंत्र केले. बी आणि खत एकदम पेरणारे अवजार केले, ऊसलावणीचे केले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या रचनांमागे कोणतीही पदवी नव्हती. अडचण दुसऱ्याची समजून घ्यावी लागली नाही, कारण ती त्यांची स्वतःचीच होती. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या योजकाला हे भाग्य सहसा लाभत नाही. त्याला परक्याची अडचण शिकावी लागते, आणि शिक्षणाचे सारे कठीण काम येथेच आहे.

हुबळीत तसा प्रयत्न चालू आहे. 1947 साली स्थापन झालेले बी.व्ही.बी. अभियांत्रिकी महाविद्यालय 2015 मध्ये के.एल.ई. तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. तेथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, शाखा कोणतीही असो, गटागटाने एखादी गरज ओळखून तिच्यावर उपाय करणारी प्रतिकृती बनवावी लागते. उपक्रम स्वागतार्ह आहे. मात्र अशा सर्वच उपक्रमांना, देशात कोठेही, एक ठरलेला मृत्यू असतो: प्रदर्शन होते, गुण मिळतात, प्रतिकृती कपाटावर चढते. शेतकरी पुढच्या हंगामात होता तेथेच. सत्र सहा महिन्यांचे, पण शेताचे वर्ष बारा महिन्यांचे. पेरणीचे यंत्र उन्हाळ्यात तपासता येत नाही, एवढी साधी गोष्ट वेळापत्रक करणाऱ्यांनी ध्यानात घेतली तरी पुष्कळ.

योजकाच्या निर्णयाने कोणाच्या हातचे काम जाते, हेही शिकविले पाहिजे. हुबळीच्या बेंगेरीत कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. 1957 साली स्थापन झालेल्या या संस्थेत खादीचा राष्ट्रध्वज मानकांप्रमाणे तयार होतो: तीनास दोन हे प्रमाण, चक्राचे चोवीस आरे, सुताचा आणि रंगाचा ठरलेला कस. कताई, विणाई आणि शिलाई यांवर प्रामुख्याने स्त्रियांचे चरितार्थ चालतात. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेल्या पॉलिस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. ध्वज स्वस्त झाला, घरोघरी पोचला. संघाने मात्र उघड विरोध नोंदविला. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. परंतु रचनाशास्त्राच्या वर्गात या प्रश्नावर एक तास तरी झडला पाहिजे. कापड बदलणे ही केवळ तांत्रिक बाब असती तर तेथे एवढे दुःख झाले नसते.

राहिला भाषेचा मुद्दा, आणि ग्रंथालयात तो शेवटी येणे योग्यच. पेरणीच्या अवजाराला कानडीत 'कूरिगे' म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडचा मराठी शेतकरी त्यालाच 'कुरी' म्हणतो. शब्द सीमेवर अडला नाही, कारण अवजार अडले नव्हते. फाळ, रुमणे, जू, कुळव, कोळपे या शब्दांत त्या त्या भागाचे काम आणि झीज यांचे ज्ञान साठलेले आहे. इंग्रजीत शिकलेला विद्यार्थी बांधावर जातो आणि शेतकऱ्याने 'रुमणे हाताला लागते' म्हटले की गप्प बसतो. तक्रार त्याच्या कानावर पडते, वहीत उतरत नाही. अशा मराठी-कानडी अवजारनामांचा एक कोश, चित्रांसह, या नगरातील एखाद्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांकरवी करून घ्यावा. त्यासाठी बाजारातील लोहार आणि सुतार यांच्याकडे जावे लागेल, तसेच ग्रंथालयातही यावे लागेल. 1920 साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, आणि कारखान्याचे ते पत्र पुढे घरोघरच्या वाचनाचे मासिक झाले. त्याचे जुने अंक ज्या ज्या ग्रंथालयांनी वाळवीपासून राखले आहेत, त्यांनी ते वाचनकक्षाच्या पुढल्या टेबलावर काढून ठेवावेत आणि अभियांत्रिकीच्या मुलांना सभासद नसतानाही ते चाळू द्यावेत.