मधमाशीला जात नसते

(धारवाड येथे सुभाष रोडवर शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सुभाष रोडवर आपण आज जमलो आहोत, त्याच रस्त्यावर 1933 मध्ये सुरू झालेल्या मनोहर ग्रंथमालेचे घर आहे. कन्नड-मराठी शब्दांची देवघेव या परिसराला नवी नाही. आपली 'मधमाशी' आणि कन्नडमधली 'जेनुनोण' यांची घडणही एकच आहे: मध आणि माशी. आज मी अशाच एका शब्दाबद्दल बोलणार आहे. साहित्य शिकवणाऱ्याने कीटकांत का शिरावे, असे कुणाला वाटेल. माझा विषय त्यांच्याबद्दल आपण जी मराठी लिहितो तो आहे. पण ती मराठी तपासायची तर आधी मोहोळाकडे नीट पाहावे लागते.

मधमाश्या, मुंग्या, वाळवी यांच्या वसाहतीत राणी, कामकरी, सैनिक अशी वेगवेगळी रूपे असतात. इंग्रजी शास्त्रग्रंथ त्यांना 'कास्ट' म्हणतात आणि मराठीत उतरवताना आपण सहज 'जात' लिहून टाकतो. या शब्दाचा प्रवास मोठा आहे. पोर्तुगीज भाषेत 'कास्टा' म्हणजे वंश, वाण. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी द्रव्यांवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात हा शब्द इथल्या समाजाबद्दल येतो. पुढे तो इंग्रजीत गेला. 1859 मध्ये डार्विनने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मुंग्यांच्या वेगवेगळ्या कामकरी रूपांसाठी तोच वापरला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर माणसांना चिकटलेला शब्द युरोपात जाऊन मुंग्यांना चिकटला आणि पाठ्यपुस्तकांतून 'जात' होऊन घरी परतला.

यात पहिली अडचण साध्या गोंधळाची आहे. मराठीत तांदळाची जात असते, आंब्याची असते. आग्या, सातेरी, फुलोरी यांनाही आपण मधमाश्यांच्या जाती म्हणतो. मग 'मधमाश्यांच्या तीन जाती' या वाक्यातून विद्यार्थ्याने आग्या, सातेरी, फुलोरी समजायचे, की राणी, कामकरी, नर?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. 'जात' हा शब्द 'जन्' धातूपासून आला. जन्माने मिळते ती जात. मोहोळात मात्र राणीपण किंवा कामकरीपण जन्माने मिळत नाही.

राणी जी फलित अंडी घालते, त्यांतून माद्या होतात. अफलित अंड्यांतून नर. इथवर जन्माचे काम. कोणती मादी राणी व्हायची, हे अंड्यात लिहिलेले नसते. अळी बाहेर आली की दाई माश्या तिला डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारे रॉयल जेली नावाचे अन्न भरवतात. सुमारे तीन दिवसांनंतर कामकरी होणाऱ्या अळीचा आहार बदलतो, त्यात मध व पराग येतात. राणी होणाऱ्या अळीला रॉयल जेली भरपूर आणि शेवटपर्यंत मिळते. त्या आहारामुळे तिच्या शरीरात ज्युवेनाइल हॉर्मोन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि अंडाशय पूर्ण वाढतात. युरोपीय मधमाशीत राणी 16 दिवसांत बाहेर येते, कामकरी 21 दिवसांत. राणी काही वर्षे जगते, कामाच्या हंगामातली कामकरी काही आठवडे.

महाबळेश्वरच्या डोंगरातला सातेरी पाळणारा मधपाळ हे प्रयोगशाळेशिवाय जाणतो. पेटीतली राणी मेली, तर कामकरी माश्या कोवळ्या अळ्या निवडतात, त्यांच्या घरांना लांब राणीघराचा आकार देतात आणि त्यांना राणीचे खाणे घालतात. कालपर्यंत कामकरी होणार असलेली अळी राणी होते.

मग जनुकांचे काय? राणी आणि कामकरी यांचा जनुकसंच एकाच प्रकारचा असतो. त्यातील कोणती जनुके जागी राहायची आणि कोणती झोपायची, एवढाच फरक. कॅनबेरा येथील संशोधकांनी 2008 मध्ये अळ्यांमधील एक जनुक निष्प्रभ केले. जनुकांवर रासायनिक खुणा करून त्यांचे काम आवरणाऱ्या विकराचे ते जनुक होते. त्या अळ्यांपैकी बहुतेक राणीसारख्या वाढल्या. जनुक ही शक्यता आहे. अन्न, संप्रेरक आणि भोवतालची वसाहत मिळून तिचे रूप ठरवतात. वाळवीतही हेच संप्रेरक काम करते: कामकऱ्यांमध्ये त्याचे प्रमाण वाढले की त्यांतून सैनिक घडतात.

याहून जवळचे उदाहरण बेंगळुरूचे आहे. आडनावातच आपले शेजारचे गदग बाळगणाऱ्या राघवेंद्र गदगकर यांनी भारतीय विज्ञान संस्थेत कागदी घरटे बांधणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. तिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. राणी घरट्यातली शांत मादी. तिला काढून घेतले की कामकऱ्यांतली एक एकाएकी आक्रमक होते आणि थोड्याच दिवसांत अंडी घालू लागते. आपल्या दक्षिणेतल्या हार्पेग्नाथोस या उडी मारणाऱ्या मुंगीत राणी गेल्यावर काही कामकरी अंडी घालू लागतात आणि त्यांचा मेंदू आक्रसतो. त्यांना पुन्हा कामकरी व्हावे लागले, तर मेंदू पुन्हा वाढतो. हे संशोधन 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

अपवादही सांगितले पाहिजेत. ब्राझीलच्या मेलिपोना या नांगी नसलेल्या मधमाशीत आणि अमेरिकेतील दाणे गोळा करणाऱ्या काही मुंग्यांत राणी कोण होणार, यात जनुकांचा वाटा मोठा आहे. पण तिथेही कामकरी ही राणीचीच मुलगी, आणि उद्याची राणी ही त्याच कामकरीची बहीण. कामकरीपणाचा वेगळा वंश चालत नाही. एका पिढीतले स्थान पुढच्या पिढीवर लादणारी आपली जात इथे कुठेच सापडत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म स्वजातिविवाहात दाखवले. मोहोळातला व्यवहार याच्या अगदी उलट आहे. राणी आकाशात उडून दुसऱ्या मोहोळांतील अनेक नरांशी संयोग करते. जवळच्या नात्यात संयोग झाला, तर लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन सारख्या प्रती एकत्र येण्याचा धोका वाढतो. अशा फलित अंड्यातून मादीऐवजी नर होतो आणि कामकरी माश्या ती अळी खाऊन टाकतात. आपसातल्या संयोगाची किंमत मोहोळ अशी मोजते.

एकदा वर्गात हा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "म्हणजे निसर्गातही जात असते का?" तिच्या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर 'नाही' असे आहे. 'होय' असे उत्तर आपल्या भाषांतराने तिच्या हाती दिले होते. आपल्या समाजात असा शब्द निरागस राहत नाही. व्यवस्थेला निसर्गाचा दाखला हवाच असतो, तो आपण पाठ्यपुस्तकातून का द्यावा?

मग काय लिहावे? 'वर्ण' तर नकोच. 'वर्ग' शब्द प्राण्यांच्या वर्गीकरणात आधीच कामाला लागला आहे. 'श्रेणी'त उतरंड येते. मला 'रूप' योग्य वाटते: राणीरूप, कामकरीरूप, सैनिकरूप. एकाच जनुकसंचातून घडलेली रूपे, हा अर्थ त्यात आपोआप येतो. बोलायलाही तो सोपा आहे. 'राणी' आणि 'कामकरी' हे शब्द मधपाळांच्या तोंडी रुळलेले आहेत, ते राहू द्यावेत. मात्र राणी राज्य करत नाही, अंडी घालते, हे शिकवताना सांगावे. आणि 'जात' हा शब्द आग्या-सातेरीसाठी ठेवावा.

इथे कन्नड आणि मराठी दोन्ही शिकवणारे बसले आहेत. 'जाति' शब्द कन्नडमध्येही याच अर्थांनी चालतो, तेव्हा हा विचार दोन्हीकडे करावा लागेल. विज्ञानाचे शिक्षक आणि भाषेचे शिक्षक यांनी पाठ्यपुस्तकातला एक धडा एकत्र बसून वाचला, तरी सुरुवात होईल.