वजनकाटा आणि क्षयरोग
(अभ्यासवर्गात झालेले व्याख्यान)



वजन आणि आरोग्य हा विषय निघाला की आजकाल स्थूलपणाचीच चर्चा होते. तो धोका खोटा नव्हे. वाढत्या वजनाबरोबर मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि मधुमेह्याला क्षय होण्याची शक्यताही दोन ते तीन पट असते. परंतु वजनकाट्याला दुसरे टोकही आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील 18.7 टक्के स्त्रिया आणि 16.2 टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कमी वजनाचे आढळले. 160 सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ माणसाचे वजन सुमारे 47 किलोच्या खाली असेल, तर तो या गणतीत येतो.

क्षयाचे जंतू कोट्यवधी लोकांच्या शरीरात शिरतात. पण बहुतेकांच्या शरीरातील प्रतिकारक पेशी त्यांना वेढून निष्प्रभ ठेवतात. अर्धपोटी शरीरात हा वेढा ढिला पडतो. उंचीच्या मानाने वजन जितके कमी, तितकी क्षयाची शक्यता अधिक. रोग जडला की भूक मरते, वजन आणखी उतरते, रोजगार बुडतो आणि साऱ्या घराचे ताट रिकामे होते. एका रोग्यापाठोपाठ त्याच छपराखाली दुसरा रोगी तयार होतो.

रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली क्षयाचा जंतू शोधला, ही थोर कामगिरी होय. पण इंग्लंडमधील क्षयमृत्यू त्याआधीच घटू लागले होते, आणि 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हाती येईपर्यंत ते बरेच खाली आलेले होते. औषध अत्यावश्यकच आहे. पण जंतू ज्या शरीरात वाढतो, त्याची स्थितीही रोगाचे भवितव्य ठरवते.

याचा निर्णायक पुरावा झारखंडने दिला. 2019 ते 2022 या काळात तेथील चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या कुटुंबांवर एक मोठा प्रयोग झाला. औषधोपचाराबरोबर सर्व रोग्यांना शिधा मिळाला. पण एका गटात घरातील इतर माणसांनाही तांदूळ, तूरडाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्या क्षयरोगाचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होते. शिवाय, उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. हे साधले ते कोणत्याही नव्या महागड्या औषधाने नव्हे, तर भात आणि डाळीने.

आता रेशनकडे पाहावे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणसाला दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. त्यात डाळ नाही. क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारी 500 रुपयांची मासिक मदत नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली, हे योग्यच. पण ती एका रोग्यापुरती असते, आणि भूक मात्र सगळ्या घराची असते.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील कामे स्पष्ट आहेत. वस्तीतील प्रत्येक क्षयरोग्याचे वजन दरमहा नोंदले जाते की नाही, हे पाहावे. घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी. रेशनकार्डावरून गळलेली नावे पुन्हा चढवावीत. आणि रेशन दुकानात धान्याबरोबर डाळ मिळालीच पाहिजे, ही मागणी लावून धरावी. ती मागणी म्हणजे क्षयनिर्मूलनाचाच एक भाग आहे.