पहिलीतली चिठ्ठी

पहिलीतल्या मुलाच्या डायरीत बाईंची चिठ्ठी येते : ‘वर्गात मारामारी करतो, दुसऱ्यांच्या वस्तू फेकतो.’ घरी एक तर पाठीत धपाटा बसतो, नाहीतर ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून चिठ्ठी विसरली जाते. दोन्ही टाळावे असे आहे.

शिकागोतल्या वुडलॉन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९६६-६७ साली मानसोपचारतज्ज्ञ शेपर्ड केलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीतल्या बाराशेहून अधिक मुलामुलींची पाहणी केली. कोण मारामारी करते, कोण नियम मोडते, कोण बुजरे आहे, हे वर्गशिक्षकांनाच विचारले. ही मुले सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठले. पहिलीत आक्रमक ठरलेल्या मुलग्यांमध्ये गांजा, दारू, सिगारेटचे प्रमाण अधिक होते. नुसत्या बुजऱ्या मुलग्यांमध्ये ते कमी होते. मुलींमध्ये असा संबंध दिसला नाही.

म्हणून दंगेखोर मूल पुढे गांजा ओढणारच, असे समजू नका. पण सतत बोलणी खाणारे मूल अभ्यासातून आणि चांगल्या सोबत्यांतून बाजूला पडत जाते. मग त्याला सामावून घेणारा कट्टा वेगळाच असतो.

हे बदलता येते का? केलम यांच्या गटाने १९८५-८६ साली बाल्टिमोरच्या शाळांत पहिलीच्या वर्गांत एक खेळ सुरू केला. वर्गाचे गट पाडायचे, दंगेखोर मुले सगळ्या गटांत वाटायची, सोपे नियम भिंतीवर लावायचे. ठरलेल्या वेळात नियम कमी मोडणारा गट जिंकला. सगळे गटही जिंकू शकत. सुरुवात दहा मिनिटांपासून. ही मुले १९ ते २१ वर्षांची झाली, तेव्हा खेळ न झालेल्या वर्गांतल्या ३८ टक्के मुलग्यांना कधी ना कधी अमली पदार्थांचा विकार जडलेला होता. खेळ झालेल्या वर्गांत १९ टक्के. पुढच्या तुकडीच्या वेळी शिक्षकांना मार्गदर्शन कमी मिळाले आणि परिणामही कमी दिसला. खेळ सोपा आहे, सातत्य अवघड.

तेव्हा चिठ्ठी आली की बाईंना भेटा. घरी आणि शाळेत नियम मोजकेच आणि तेच ठेवा. मूल शहाण्यासारखे वागले की लगेच शाबासकी द्या. मुलगा मोठा असेल आणि गांजाची शंका येत असेल, तर मारझोड नको. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. सोळाव्या वर्षी खिसे तपासण्यापेक्षा सहाव्या वर्षी हात धरणे केव्हाही सोपे.