जुन्या संगणकाचे मागचे दार



शाळेच्या एका खोलीत चार-पाच जुने संगणक तारेने जोडलेले असतात. एकावरची फाइल दुसऱ्यावर उघडते, सगळ्यांचे कागद एकाच प्रिंटरवर निघतात. ही देवघेव विंडोजच्या पोटातील एसएमबी नावाचा भाग करतो. त्याची पहिली आवृत्ती १९८० नंतरच्या दशकातली. तेव्हा आपल्याच कचेरीत कोणी चोर शिरेल, हे कोणाच्या मनीही नव्हते.

पुढे चोर आला. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची कीड याच भागातील खोटीतून आत घुसली आणि जगभर लाखो संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागली. इंग्लंडात सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. गंमत अशी, की दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती बसवायची राहिली, ते सापडले. माझे म्हणणे असे, की मोडकळलेल्या दाराला ठिगळ लावण्यापेक्षा ते दारच काढून टाकावे.

कसे काढावे? आधी मुलांच्या गुणपत्रकांची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. ही गोष्ट विसरू नका बरं का! विंडोज ८.१ किंवा १० असेल, तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'प्रोग्राम्स' उघडा. तिथे 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' असे लिहिलेले दिसेल. त्यातील 'एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट' या ओळीपुढची खूण काढा, 'ओके' दाबा आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. नव्या आवृत्त्या शाबूत राहतात, त्यामुळे नव्या यंत्रांमधली देवघेव चालूच राहते.

विंडोज ७ मध्ये ही ओळच नाही. तिथे रजिस्ट्रीत हात घालावा लागतो आणि एक नोंद चुकली तर यंत्र बसते. तेव्हा जाणत्या माणसाला बोलवा. एक्सपीला तर पहिल्या आवृत्तीखेरीज दुसरी येतच नाही. त्याची इंटरनेटची तार काढून ठेवावी, हे बरे.

एका शाळेत काढलेली खूण तासाभरात परत घातली गेली. प्रिंटर एक्सपीला जोडलेला, आणि दाखले तर छापायचे होते! शेवटी प्रिंटरची तार नव्या संगणकाला लावली, खूण पुन्हा काढली, आणि दाखले त्याच दुपारी निघाले.